मदत हवी आहे: प्रारूप विकास योजनेत आमच्या गटावर घरांचं आरक्षण पडलंय, हरकत कशी लिहायची?

बांधावरून

आमच्या नगरपरिषदेची प्रारूप विकास योजना (कुठली जमीन कशासाठी, याचा कच्चा आराखडा) महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याच्या कलम २६ खाली प्रसिद्ध झाली आहे. हरकतींना १९ दिवस उरलेत. गट ३२ गुंठ्यांचा: पूर्व-पश्चिम ६० मीटर, उत्तर-दक्षिण साधारण ५४. उत्तरेकडून १२ मीटरचा नवा रस्ता, तोही अख्खा आमच्याच हद्दीतून. त्याला लागून १८ गुंठे 'आर्थिक दुर्बल घटकांसाठी घरे' म्हणून आरक्षित, म्हणजे पुढे पालिका घेणार, आणि मागे जे उरतं ते रहिवास विभागात. बाकी तिन्ही बाजूंना दुसऱ्यांची शेतं. नाल्यापलीकडच्या गायरानावर मात्र एकही आरक्षण नाही. सातबाऱ्यावर तीन नावं आहेत. 'आमच्यावर अन्याय झाला असून आरक्षण रद्द करावे' असा छापील अर्ज सगळीकडे फिरतोय. तोच भरून देऊ का? वकील लागेल का?

नकाशेवाला

छापील अर्ज देऊ नका. असे शेकडो अर्ज एकाच शेऱ्याखाली निकाली निघतात. वकील या टप्प्यावर नाही लागत, नकाशा काढणारा लागतो.

आधी आकडे मांडू. ३२ गुंठे म्हणजे सुमारे ३,२३७ चौ. मी. त्यातून रस्त्याला ६० × १२ = ७२० गेले, आरक्षणाला १८ गुंठे म्हणजे १,८२१. मागे उरले ६९६ चौ. मी., म्हणजे ६० मीटर लांब आणि जेमतेम साडेअकरा मीटर रुंद पट्टी. तिच्यापुढे आरक्षण, मागे शेजारी. म्हणजे रहिवास विभागातली जमीन, पण जायला रस्ता नाही! त्यावर बांधकाम परवानगी कशी मागणार? हा नियोजनातला दोष आहे आणि तुमच्या हरकतीचा पहिला मुद्दा हाच हवा. 'अन्याय' हा शब्द न वापरताही तो कळतो.

मागणी दोन पायऱ्यांत लिहा. मुख्य मागणी: आरक्षण वगळावे. पर्यायी मागणी: क्षेत्र तेवढंच ठेवून आकार बदलावा. रस्ता सोडल्यावर खोली ४२ मीटर उरते. आरक्षण आडवं न टाकता पूर्वेकडे उभं टाकलं तर ४३.४ × ४२ मध्ये १८ गुंठे बसतात, आणि पश्चिमेला तुम्हाला १६.६ × ४२ चा रस्त्याला तोंड असलेला तुकडा राहतो. यात पालिकेचं काहीच जात नाही, म्हणून मान्य व्हायची शक्यता जास्त. नुसतं 'रद्द करा' लिहिलंत तर समितीपुढे हो किंवा नाही एवढंच उरतं, आणि बहुतेक वेळा ते नाही असतं.

लाल_रेघ

वरच्याशी सहमत. फक्त एक, आधी रेघ खरी कुठे आहे ते तपासा. योजनेचा नकाशा म्हणजे उपग्रह चित्रावर बसवलेले गाव नकाशे, ते काही मीटर सरकलेले असू शकतात. योजनेतला तुमच्या गटापुरता भाग नकाशा आणि सरकारी मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत घ्या, विहीर किंवा हद्दीचा दगड अशा तीन पक्क्या खुणा दोन्हींवर जुळवून पाहा. खुणा जुळत नसतील तर अंतर मीटरमध्ये लिहा. रस्ता दोन्ही बाजूंना सहा-सहा मीटर न घेता एकाच बाजूला का, हाही स्वतंत्र मुद्दा करा.

चावडी

थोडं विरुद्ध बोलतो. घरांची आरक्षणं सगळ्यांनी उडवायची आणि मग गरिबांनी नाल्यात झोपड्या टाकल्या की ओरडायचं, हे चालू आहे. योजनेचा अहवाल वेगळा मिळतो, तो विकत घ्या. त्यात भावी लोकसंख्या, लागणारं क्षेत्र आणि कमतरता यांचा तक्ता असतो. तक्त्यात घरांची गरज दिसत असेल तर 'गरज नाही' हा मुद्दा तिथेच मेला.

गायरानाचं म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या जगपालसिंग निकालापासून सामाईक जमीन दुसऱ्या कामाला देताना प्रशासन हात आखडतं. शिवाय नाल्यालगत पूररेषा असली तर तिथे घरं सुचवणंच चूक. पर्याय म्हणून दुसरी सरकारी पड जमीन असेल तरच गट नंबरासकट लिहा.

बांधावरून

आकार बदलायचं डोक्यातच आलं नव्हतं. पण जमीन गेलीच तर मिळतं काय? आणि पालिकेने वर्षानुवर्षं घेतलीच नाही तर?

नकाशेवाला

कलम १२६ मध्ये वाटा तीन: वाटाघाटीने रोख, एफएसआय (जादा बांधकामाची मुभा) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकाम हक्क), नाहीतर भूसंपादन कायद्याने. टीडीआर दाट वस्तीबाहेर क्षेत्राच्या दुप्पट, म्हणजे कागदावर ३,६४२ चौ. मी. पण जमीन बोजामुक्त, सपाट करून, दीड मीटर उंच कुंपणासह द्यावी लागते, आणि छोट्या गावात तो टीडीआर विकत घेणारा बिल्डर सापडायला हवा. मी तरी त्या आकड्यावर हुरळणार नाही.

घेतलीच नाही तर कलम १२७. अंतिम योजना अमलात आल्यापासून १० वर्षांनी पालिकेला खरेदी सूचना ('जमीन घ्या' अशी लेखी नोटीस) द्यायची, सोबत मालकीचे कागद. सूचना मिळाल्यापासून २४ महिन्यांत संपादनाची पावलं पडली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं, म्हणजे आपोआप संपतं. इथे 'पावलं' म्हणजे नुसता ठराव किंवा प्रस्ताव नव्हे. सूचनेवर तिघांच्याही सह्या घ्या, एक खातेदार राहिला की तिथेच वाद काढतात. आज हरकत घेतली काय, न घेतली काय, हा हक्क जात नाही.

तोपर्यंत मात्र परवानगी मागाल तर कलम ४६ प्रमाणे प्रारूप योजनाही विचारात घेतात, त्यामुळे आत्ताच घर बांधून टाकू हा विचार सोडा.

लाल_रेघ

सुनावणी कलम २८ खालच्या नियोजन समितीपुढे असते: तीन सदस्य पालिकेच्या स्थायी समितीचे आणि शासनाने नेमलेले जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. वेळ पाचेक मिनिटं धरा. आहे तो आकार आणि सुचवलेला आकार एकाच मोठ्या कागदावर शेजारी-शेजारी काढून न्या, बोलणं निम्मं होतं.

अर्जावर गट नंबर, आरक्षण क्रमांक आणि नकाशा शीट क्रमांक तिन्ही हवेत. दोन प्रती करा आणि तुमच्या प्रतीवर शिक्क्यासोबत आवक क्रमांकही घ्या. सुनावणीची नोटीस एकाच खातेदाराच्या पत्त्यावर जाते, म्हणून जो गावात राहतो त्याचा पत्ता टाका.