अंगातल्या कपड्यावरून नवा बेतला आणि मग...

उसवण:
कपाट आवरताना माझा जुना निळा कुर्ता सापडला. काखेत विरलाय, कॉलरची कड गेलीय, तरी टाकवत नाही. आयुष्यात पहिल्यांदा काही शिवलं ते ह्याच्यावरून. जमिनीवर कापड अंथरलं, वर हा पसरला, खडूने कडेकडेने रेघ ओढली आणि थेट त्याच रेघेवर कात्री चालवली. शिलाईसाठी कडेने जास्तीचं कापड, म्हणजे माया, सोडायची असते हे शिलाई मारून झाल्यावर कळलं! डोकं आत गेलं, खांदे गेले नाहीत. बाहेर निघताना दोन ठिकाणी टर्रकन आवाज. तुमचेही पराक्रम येऊ द्या.

टाचणी:
दोन्ही बाह्या डाव्या. बाकी काही बोलायचं नाही.

रफू:
टाचणी 😂😂 कापड संपलं होतं का?

टाचणी:
अर्थात. संपल्याशिवाय कळतं का कधी.

घडी:
माझं भांडण मुंढ्याशी, म्हणजे बाही जोडतात त्या गोलाईशी. कुर्ता मधोमध दुमडून पुढचा-मागचा मुंढा एकदमच कापला, मागच्याच मापाने. पुढचा जास्त खोल असतो हे कुणी सांगितलं नव्हतं. हात खाली सोडला की काखेपुढे कापडाचा हा गोळा! आता कागदाखाली जाड चादर घालते, कुर्त्याचा अर्धाच भाग पसरते आणि शिलाईवरून बोटाबोटावर टाचणी टोचत जाते. कपडा उचलून कागद खिडकीशी धरला की मुंढ्याची वळणदार ओळ उजेडाच्या ठिपक्यांनी दिसते. पुढचा वेगळा, मागचा वेगळा. ठिपके जोडायचे, बाहेरून अर्धा इंच माया. बाहीच्या वरच्या टोकाचा गोल मात्र मुंढ्यापेक्षा इंचभर जास्त ठेवा, धावदोरा घालून तो जास्तीचा भाग जिरवता येतो. कुकरची शिट्टी झाली, येते.

काज:
टी-शर्टवरून शिवला. माप तंतोतंत. कापड साधं, न ताणणारं. घातला कसाबसा, काढता येईना.

उसवण:
मग काढला कसा??

काज:
कात्रीने. दुसरं काय.

बॉबिन:
कात्रीवरून आठवलं. शिवणाची कात्री कागदाला कोण लावतं तुमच्याकडे? आमच्याकडे कुणीच नाही म्हणे. तरी धार जाते. आणि आज तर कात्रीच गायब.

घडी:
बॉबिन, आमच्याकडे पार्सलं फोडतात तिने. मी बोलणं सोडलंय.

रफू:
सुती कापड आधी भिजवून वाळवून घ्या रे बाबांनो. माझा झगा पहिल्या धुण्यात असा आटला की आता तो भाची घालते. तिला छान दिसतो, त्याचाच जास्त राग येतो.

अस्तर:
चाळीस वर्षं शिवतेय, म्हणून आगाऊपणा करते. विरलेला कपडा असेल तर वरून काय गिरवता, उसवा की. पण अर्धाच! एक बाजू उसवायची, दुसरी तशीच ठेवायची, म्हणजे कुठला तुकडा कुठे आणि कसा जोडलाय ते जोडताना समोर दिसतं. उसवलेल्या तुकड्यावर इस्त्री ओढू नका, उचलून दाबा, नाहीतर गळ्याची तिरपी कड ताणली जाते. कापडाचा उभा धागा, म्हणजे काठाला समांतर जाणारा, कुठून जातो त्याची खूण आधी करून ठेवा. तो चुकला की पायजम्याचा पाय नडगीभोवती फिरतो. अनुभवाचे बोल आहेत, पायजमा यजमानांचा होता.

टाचणी:
अस्तर काकू, यजमान काय म्हणाले?

अस्तर:
काही नाही ग. वर्षभर घातला. चालता चालता सरळ करून घ्यायचे.

उसवण:
काकू, घेतला उसवायला. डावी बाजू सुटी झाली. शिलाईच्या आत जिथे ऊन लागलंच नाही तिथे रंग अजून गडद आहे, मी तो असा निळा होता हे विसरूनच गेले होते. उजवी बाजू हँगरला लटकतेय, एका बाहीची. आणि हो, घडी, पुढचा मुंढा खरंच खोल निघाला.

बॉबिन:
कात्री सापडली. लेकीच्या दप्तरात.