सोसायटीच्या शिबिरात बायकांचा छातीचा सीटी ठेवायचा की नाही?

धायरीकर: आमच्या महिला मंडळाचं आरोग्य शिबिर तोंडावर आलंय. शेजारच्या विंगमधल्या काकूंना फुप्फुसाचा कॅन्सर निघाला, तोही थेट चौथी स्टेज. सिगारेट तर सोडाच, त्यांच्या घरात कुणी सुपारीसुद्धा खात नाही. तेव्हापासून टूम निघालीय की पंचेचाळिशीपुढच्या सगळ्याजणींचा लो-डोस सीटी (कमी किरणांचा छातीचा स्कॅन) करून टाकू, सेंटरवाला सवलत देतोय. माझा विरोध आहे. या आजारात बाई किती जगते हे दोन गोष्टींवर ठरतं: खोकला किती महिने अंगावर काढला आणि औषध सुरू करण्याआधी गाठीची जनुक चाचणी (कोणतं औषध लागू पडेल ते सांगणारी) झाली का. मंडळाने पैसा तिकडे लावावा.

पर्वतीपायथा: साफ चूक. सगळ्यात मोठा घटक स्टेज. गाठ पहिल्या स्टेजला सापडली तर ऑपरेशनने सुटका होऊ शकते, चौथीत नाही. आणि लवकर सापडायची वाट सीटीतूनच जाते, साध्या एक्स-रेत बारीक गाठ निसटते. अमेरिकेच्या एनएलएसटी चाचणीत (2011) सीटी गटात फुप्फुसाच्या कॅन्सरचे मृत्यू 20 टक्क्यांनी घटले. युरोपातल्या नेल्सनमध्ये (2020) दहा वर्षांत पुरुषांत 24 टक्के, बायकांत 33. म्हणजे फायदा बायकांनाच जास्त.

धायरीकर: दोन्ही चाचण्या सिगारेट ओढणाऱ्या किंवा ओढून सोडलेल्यांवर झाल्यात हो. नेल्सनमध्ये बायका होत्याच किती थोड्या! अमेरिकेतली शिफारससुद्धा 50 ते 80 वयाच्या, वर्षानुवर्षं ओढलेल्यांसाठीच आहे. आमच्या काकू त्यात कुठे बसतात?

पर्वतीपायथा: तैवानमध्ये बसतात. तिथे बहुतेक कधीच न ओढलेल्या, पण घरात कुणाला हा कॅन्सर झालेला किंवा दुसरी काही जोखीम असलेल्या 12 हजार लोकांचा सीटी केला, 2.6 टक्के लोकांत कॅन्सर निघाला. बहुतेक पहिल्या स्टेजचे किंवा त्याआधीचे.

रास्तापेठी: निघाला, मान्य. मृत्यू घटले का, ते सांगा. तैवानमध्ये सीटीचं पेव फुटल्यावर बायकांत सुरुवातीच्या स्टेजचे कॅन्सर कितीतरी पट वाढले, पुढच्या स्टेजचे मात्र कमी झाले नाहीत. म्हणजे आयुष्यभर त्रास न देणाऱ्या गाठीसुद्धा कापल्या गेल्या असणार. शिवाय आपल्याकडे जुन्या टीबीचे डाग काय थोड्या छात्यांत असतात? प्रत्येक डागामागे सुई घालत बसणार?

वॉर्डातली: मी कॅन्सर वॉर्डात सिस्टर आहे, जे रोज बघते ते लिहिते. वेल्ह्याकडची बाई येते. हातात कॅरीबॅग, त्यात तीन-चार एक्स-रे. थुंकीत जंतू सापडले नव्हते, तरी सावली दिसली म्हणून टीबीच्या गोळ्या चालू केलेल्या. महिनोन्महिने खाल्ल्या, वजन उतरतच गेलं. कुणी म्हटलं नाही की गुण येत नाही तर बायोप्सी करू. आमच्याकडे पोचते तेव्हा धाप लागून धड बसवत नाही, आणि अंगात किती ताकद उरलीय यावरही पुढचं सगळं ठरतं. प्रश्न तिला विचारला की उत्तर नवरा देतो.
त्यातही न ओढणाऱ्या बायकांत गाठीच्या ईजीएफआर नावाच्या जनुकात बदल बऱ्याचदा निघतो, मग सलाईनऐवजी गोळीवर भागतं. फ्लॉरा नावाच्या औषध चाचणीत ऑसिमर्टिनिब या नव्या गोळीवर निम्मे रुग्ण 38.6 महिन्यांपुढे जगले, आधीच्या गोळ्यांवर 31.8. पण जनुक चाचणीच्या रिपोर्टला वेळ लागतो आणि घरचे म्हणतात, "थांबायचं कशाला, केमो चालू करा."

निवांत: बरेच अभ्यास सांगतात की या कॅन्सरमध्ये बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात. मग एवढी घबराट कशाला?

वॉर्डातली: एकाच स्टेजला, एकसारखे उपचार मिळाले तर. नुसतं बाईपण पुरत नाही, दादा.

पर्वतीपायथा: गोळीचं कौतुक ठीक, परवडते कुणाला? 2024च्या बजेटमध्ये ऑसिमर्टिनिबवरची कस्टम ड्यूटी काढली, तरी मध्यमवर्गाचा घाम निघतोच.

धायरीकर: म्हणूनच तर म्हणतोय! जेफिटिनिब ही आधीची गोळी भारतीय कंपन्यांची मिळते, बरीच स्वस्त. मंडळाने एखादीच्या जनुक चाचणीचा खर्च उचलला तर ती निदान त्या गोळीपर्यंत तरी पोचेल. सत्तर जणींच्या सीटीत तेवढाच पैसा उडेल.

पर्वतीपायथा: आणि त्या सत्तरांत एक निघाली तर? तिच्या मुलांना हा हिशेब दाखवाल?

रास्तापेठी: ज्या ओढतात किंवा ओढायच्या, त्यांनी छातीच्या डॉक्टरांना विचारून जरूर करावा. बाकीच्यांसाठी शिबिरात एवढंच सांगा: खोकला तीन आठवड्यांपुढे गेला किंवा थुंकीत रक्त दिसलं की थांबायचं नाही, आणि टीबीच्या औषधाने उतार पडला नाही तर दुसरं मत घ्यायचं. याला पैसे लागत नाहीत.

पर्वतीपायथा: सांगून कुणी ऐकत असतं तर काकू चौथ्या स्टेजला गेल्या असत्या का?

रास्तापेठी: सेंटरवाल्याला आधी एक विचारा. पहिल्या सीटीत डाग दिसला तर पुढचे तीन सीटी, बायोप्सी आणि सर्जनची फी, यातल्या कशाकशाला सवलत आहे?