जपानमधली देवळं आणि माणसाने ओढायची रिक्षा

एकांनी लिहिलंय की जपानमध्ये माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून देवदर्शन करायला मन धजत नाही. माझंही तेच होत होतं. माथेरानच्या हातरिक्षा डोळ्यांसमोर होत्या. तिथली ती प्रथा थांबवायचा आदेश २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला, तो योग्यच.

पण क्योतोच्या आराशियामात चित्र वेगळं दिसलं. ओढणारा पंचविशीतला, पायात अंगठा वेगळा असलेले काळे कापडी बूट. मांडीवर लाल ब्लँकेट घातलं, दांड्या उचलल्या की आपण एकदम मागे रेलतो. पोटात जरा गोळाच येतो! बांबूच्या बनात रिक्षांसाठी वेगळी वाट आहे, तिथे गर्दीचा गलका मागे राहतो. नोनोमिया देवळापाशी त्याने थांबून तोरी, म्हणजे तिथलं प्रवेशद्वार, दाखवलं. नेहमीसारखं शेंदरी नाही, तर साल न काढलेल्या लाकडाचं, काळपट. इसेच्या देवळात सेवेला जाणाऱ्या राजकन्या आधी इथे राहून शुद्धीचे विधी करत, हेही त्यानेच सांगितलं. आपण चालत गेलो असतो तर फोटो काढून पुढे सटकलो असतो.

तोक्योत असाकुसाला बसणार असाल तर एक लक्षात ठेवा: कामिनारिमोन या प्रवेशद्वाराच्या मोठ्या लाल कंदिलापासून सेन्सोजी देवळापर्यंतची दुकानांची गल्ली पायीच करावी लागते, रिक्षा आजूबाजूच्या रस्त्यांवरून फिरवतात. भाडं मिनिटांच्या हिशेबाने असतं आणि स्वस्त अजिबात नाही, आधी विचारून घ्या.

बाकी 'रिक्षा' हा शब्दच मुळात जपानी, 'जिनरिकिशा'. जिन म्हणजे माणूस, रिकी म्हणजे बळ, शा म्हणजे गाडी. आपण त्यातला नेमका माणूस गाळला.