जग्वार एक्सई ३ सिरीजपुढं का टिकली नाही? आणि आता जुनी घ्यावी का?

उद्यमबाग_व्हीएमसी

नमस्कार मंडळी. बेळगावातून लिहायलोय. उद्यमबागेत माझं मशीन शॉप आहे, दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारी मिलिंग मशीन) आणि तीन टर्निंग सेंटर. हायड्रॉलिक पंपाच्या बॉड्या करतो. वडिलांनी भाड्याच्या शेडमध्ये एका जुन्या लेथवर सुरू केलेलं काम आहे. आम्ही त्यांना आबा म्हणतो. वय ७३, अजून रोज सकाळी शॉपवर येऊन बसतात.

परवा कोल्हापुरात एक जग्वार एक्सई बघून आलो. २०१७ ची, डिझेल, १८० एचपी, ६२ हजार किलोमीटर झालेली, एमएच-०९ पासिंग. एका डॉक्टरांची गाडी आहे. मागणी साडेसतरा लाख. त्यात अजून दीड-दोन लाख घातले तर त्याच सालची बीएमडब्ल्यूच्या ३ सिरीजमधली ३२०डी मिळायलीय.

कागल ओलांडून कोगनोळीपर्यंत एक्सई स्वतः चालवली. स्टिअरिंग हातात आल्यावर काय वाटलं ते शॉपमधल्या माणसाला लगेच कळेल. नवीन बेअरिंग घातलेला स्पिंडल हातानं फिरवून बघतो ना आपण, कुठं खेळ नाही, कुठं जड नाही, तसं. दूधगंगेच्या पुलाजवळ रस्त्याचं काम चाललंय, तिथल्या खड्ड्यांतूनही गाडी अंग न टाकता गेली. घरी येऊन रात्री तिच्याबद्दल वाचत बसलो. सस्पेन्शन पुढं डबल विशबोन, मागं इंटिग्रल लिंक, झेडएफचा आठ गिअरचा बॉक्स म्हणजे बीएमडब्ल्यूत आहे त्याच घराण्यातला, सांगाड्यात पंच्याहत्तर टक्के अल्युमिनियम. एवढं सगळं करून ही गाडी २०२४ ला बंद पडली, आणि ३ सिरीज १९७५ पासून चाललीय ती चाललीयच.

मला हे मनापासून लागलंय. २००८ ला टाटांनी फोर्डकडून जग्वार आणि लँड रोव्हर २.३ अब्ज डॉलरला घेतली, तेव्हा आबांनी पेपरातलं ते पान शॉपच्या ऑफिसात चिकटवलं होतं. रंग उडाला, पण पान अजून आहे. चांगलं केलेलं काम बाजारात हरतं तेव्हा चूक नेमकी कुठं झालेली असते? माहीतगारांनी सांगा. आणि गाडी घ्यावी की नको तेही सांगा, डॉक्टरांना शुक्रवारपर्यंत कळवायचंय.

निपाणीकर_३२०

मी ३२०डी चार वर्षं वापरायलोय, निपाणी-बेळगाव-धारवाड आठवड्याला दोन फेऱ्या. तेव्हा माझं मत बीएमडब्ल्यूकडं झुकणार, हे आधीच सांगतो.

तुम्ही एक्सईच्या ड्रायव्हर सीटवर बसलासा. मागं बसलासा काय? एक्सईचा व्हीलबेस २८३५ मिलीमीटर, माझ्या पिढीच्या ३ सिरीजचा २८१०. कागदावर जग्वार लांब आहे. पण नाक लांब ठेवलं, छप्पर मागं उतरतं केलं, त्यामुळं जागा गेली ती मागच्या माणसाची. दार उघडून मान वाकवून आत जावं लागतं. आपल्याकडं पन्नास लाखाच्या गाडीत मालकाचे वडील, सासरे, नाहीतर स्वतः मालकच मागं बसतो. बीएमडब्ल्यूनं हे ओळखून २०२१ ला भारतात ३ सिरीज ११० मिलीमीटर लांब करून आणली, ग्रान लिमोझिन नावानं. चेन्नईचा कारखाना २००७ पासून चालू आहे त्यांचा. गिऱ्हाईक काय मागायलंय ते बघून बदल करत राहिले.

दुसरी गोष्ट सातत्याची. जग्वारची मार्क २ म्हणजे १९५९ ची, ३.८ लिटर इंजिनची, तिच्या काळात या प्रकारच्या गाडीला तोड नव्हती. ३ सिरीजच्या आधीची गोष्ट आहे ही! म्हणजे स्पोर्ट्स सलून, म्हणजे जोरात पळणारी सेडान, कशी असावी हे जगाला दाखवणाऱ्यांत जग्वार पुढं होती. पण १९६० चं दशक संपलं आणि त्या आकाराची गाडी त्यांनी सोडून दिली. परत आले ते २००१ ला, एक्स-टाइप घेऊन, फोर्ड मोंडेओच्या पायावर. २००९ ला ती बंद. मग सहा वर्षं काहीच नाही. २०१५ ला एक्सई. या सगळ्या वेळात बीएमडब्ल्यूनं एकच गाडी परत परत केली, दर पिढीला थोडी सुधारून. ज्याचे वडील ३ सिरीज चालवत होते तो मुलगाही तिथंच जातो. तुमच्याकडं सहा वर्षं दुकान बंद होतं तर गिऱ्हाईक थांबणार कसं?

शहापूर_मोल्डिंग

मी मोटारीतला माणूस नव्हे. फौंड्रीत एकतीस वर्षं काढली, पॅटर्नपासून फेटलिंगपर्यंत सगळं केलं. उद्यमबागवाल्यांचा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण हे दुखणं आपल्या धंद्याचंच आहे.

एका पॅटर्नला, म्हणजे ज्यावरून वाळूत साचा घेतो त्या नमुन्याला, कोअर बॉक्ससकट दोन लाख लागले समजा. त्यावर पाचशे कास्टिंग निघाली तर नगामागं चारशे रुपये पॅटर्नचेच. पाच हजार निघाली तर चाळीस. धातू तोच, वाळू तीच, मोल्डरचे हात तेच. पाचशेवाला रात्रंदिवस राबला तरी भावात मार खाणार. आणि मार खाल्ला की पुढच्या पॅटर्नला पैसे उरत नाहीत, जुन्यावरच ओढत बसतो. मी अशा तीन फौंड्र्या बंद पडताना बघितल्यात. तिन्हींत काम उत्तम होतं. एका ठिकाणचं फिनिश तर असं की इन्स्पेक्टर हात फिरवून बघायचा.

मोटारीच्या एका नवीन सांगाड्याला, इंजिनाला, डायांना किती लागत असतील त्याचा अंदाज करा. ३ सिरीज वर्षाला लाखोंनी खपते. त्यांचा पॅटर्न पाच हजारवाला आहे. एक्स-टाइपच्या वेळी फोर्डनं वर्षाला लाखभर गाड्या धरल्या होत्या, तो आकडा कधीच गाठला गेला नाही, एवढं मी वाचलंय. म्हणजे हिशोब पहिल्याच दिवशी फिसकटला. आबांना विचारा, कमी नगाचा जॉब घेताना ते काय बघतात.

चिकोडीची_चाकणात

माहेर चिकोडी, नोकरी चाकणला, एका पुरवठादाराकडं शीट मेटलच्या खरेदीत. शहापूरच्या काकांनी बरोबर नस धरलीय. त्यात धातूही तोच नव्हता, तेवढी भर घालते.

स्टीलचा पत्रा स्वस्त, आणि स्पॉट वेल्डिंगच्या लाइनी सगळ्या जगात बसलेल्या आहेत. जग्वारनं अल्युमिनियम निवडलं. ते जोडायला रिव्हेट मारायचे आणि वर स्ट्रक्चरल गोंद लावायचा, विमानासारखं. वजन कमी होतं, गाडी कडक होते, तुम्हाला कोगनोळीला जे जाणवलं त्यात याचा मोठा वाटा आहे. पण पत्रा महाग, जोडणी वेगळी, लाइन नवीन. हा सगळा खर्च पन्नास-साठ लाखांच्या गाडीवर चालून जातो. एक्सई मात्र त्यांच्या घरातली सगळ्यात स्वस्त सलून होती, आणि समोर स्टीलचा जास्त वापर करून लाखोंनी खपणारी ३ सिरीज. महागडा कच्चा माल, कमी नग आणि भाव मात्र समोरच्यानं ठरवलेला. खरेदीतल्या कुठल्याही माणसाला हे बघून घाम फुटेल.

खर्च वाटून घ्यायचा त्यांनी प्रयत्न केला, तो विचार चुकीचा नव्हता. तोच पाया एक्सएफ या मोठ्या सलूनला वापरला, २०१६ ला एफ-पेस या एसयूव्हीला वापरला, लँड रोव्हरच्या वेलारलाही. पण झालं काय, एफ-पेस आली आणि शोरूममध्ये येणारा माणूस उंच गाडीकडंच जायला लागला. एक्सईचं गिऱ्हाईक तिच्या सख्ख्या बहिणीनंच नेलं. त्यात सप्टेंबर २०१५ ला फोक्सवॅगनचं डिझेलच्या धुराच्या चाचणीतल्या फसवणुकीचं प्रकरण फुटलं आणि युरोपभर डिझेलवरचा विश्वास उडाला. एक्सईच्या सोबत वुल्व्हरहॅम्प्टनला नवाकोरा इंजिन कारखाना उभा केला होता, त्यातून पहिल्यांदा निघालं ते दोन लिटरचं डिझेलच. वेळ इतकी वाईट की काय सांगावं. अमेरिकेत २०२० च्या मॉडेलनंतर एक्सई बंद. फेब्रुवारी २०२१ ला कंपनीनं जाहीर केलं की जग्वार पूर्ण विजेवर जाणार. नवीन पिढी येणार नाही, हे तेव्हाच ठरलं.

निपाणीकरांचं मागच्या सीटचं मला पटतं, पण तेवढ्यानं गाडी बुडत नाही. अल्फा रोमिओची जुलिया घ्या, २०१६ ची. चालवणारे तिच्यावर जीव टाकतात, तरी ३ सिरीजच्या आसपासही खप नाही. चांगली गाडी करणारे बरेच आहेत हो. ती न थांबता वीस-तीस वर्षं करत राहण्याइतका नफा एखाद्यालाच सुटतो.

आणि एक गोष्ट तुम्हा बेळगावकरांसाठी. एक्सईत आरसी५७५४ नावाचा मिश्रधातू पहिल्यांदा वापरला गेला, बराचसा भंगारातून परत मिळवलेल्या अल्युमिनियमचा. तो पुरवला नोव्हेलिसनं. नोव्हेलिस २००७ पासून हिंदाल्कोच्या मालकीची. तुमच्या यमनापूरचा कारखाना कुणाचा?

शहापूर_मोल्डिंग

अहो बाई, हिंदाल्कोचाच, म्हणजे आधीचं इंडाल! आमच्या पिढीला ती अजून इंडालच. धाकटा भाऊ तिथूनच निवृत्त झाला. आपल्याकडं बॉक्साइटपासून अल्युमिना होतो, पत्रा नव्हे, तेव्हा आपला माल त्या गाडीत गेला असं म्हणता येणार नाही. पण मालक एक आहे हे ऐकून बरं वाटलं. भावाला सांगतो आज.

खानापूर_गॅरेज

इतिहास झाला, आता गाडी बघूया. मी गॅरेजवाला आहे, मोठ्या गाड्या माझ्याकडं कमी येतात, पण जुन्या गाड्या घ्यायला लोक मला बरोबर नेतात.

१. चुंबक घेऊन जाऊ नका. आपण पुट्टी शोधायला चुंबक फिरवतो, अल्युमिनियमला ते चिकटतच नाही. तुम्हाला वाटेल सगळी गाडी पुट्टीनं भरलीय. अल्युमिनियमवर चालणारं पेंटची जाडी मोजायचं मीटर लागतं. बॉनेट आणि पुढचे फेंडर त्यानंच बघायचे.

२. गाडी ठोकलेली असेल तर अजिबात नको. बाईंनी सांगितलं ते रिव्हेट आणि गोंदाचं काम आपल्या भागातला डेंटर करू शकत नाही. हातोडी मारून, गॅसनं तापवून काढलेलं अल्युमिनियम परत पहिल्यासारखं होत नाही. बॉनेट उघडून दोन्ही बाजूंच्या जोडावर टॉर्च मारा. रिव्हेटच्या ओळीत एखाद्या ठिकाणी बोल्ट किंवा वेल्डिंग दिसलं तर चहा पिऊन परत या.

३. कोल्हापूरच्या एमएच-०९ चं बेळगावचं केए-२२ करायचं तर कोल्हापूर आरटीओची एनओसी, आणि इथं लाइफ टॅक्स. बारा महिन्यांच्या वर गाडी इकडं ठेवायची असेल तर सुटका नाही. कर्नाटकात महाग गाडीचा टॅक्स जबर आहे. वयाप्रमाणं कमी होतो, तरी साडेसतरात गाडी पडली असं धरू नका. आधी आरटीओत आकडा काढून घ्या. सीमेवरची माणसं आपण, इथं फसलेले कमी नाहीत.

४. सर्व्हिसची सगळी बिलं मागा. नुसता शिक्का चालणार नाही, बिल पाहिजे. तेल कधी बदललं, कुठलं घातलं. माझ्या मेहुण्यानं एका शोरूममधून दुसऱ्या कंपनीची गाडी ‘फुल हिस्टरी’ म्हणून घेतली, बिलं नंतर देतो म्हणाले, ती कधी आलीच नाहीत. चार महिन्यांत टर्बो गेला. दोन लाख वीस हजार.

बंद झालेल्या मॉडेलचे पार्ट मिळतील, पण थांबावं लागेल. गाडी पंधरा दिवस उभी राहिली तर तुमचं काम अडतं काय? अडत असेल तर ३२०डी घ्या.

उद्यमबाग_व्हीएमसी

सगळ्यांचे आभार. शहापूरच्या काकांचा हिशोब मी काल आबांना वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, २०११ ला आपण ती ब्रासची व्हॉल्व्ह बॉडी सोडली ती याच कारणानं. मला ती चांगली आठवते. चार मायक्रॉनमध्ये बोअर मिळत होता, गिऱ्हाईक खूश होतं, पण महिन्याला साठच नग. फिक्श्चरचे, म्हणजे जॉब धरायच्या पकडीचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. आबांनी तिचा एक नग कपाटात ठेवलाय, काल काढून टेबलावर ठेवला. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

निपाणीकर, मागच्या सीटचं तुमचं खरं निघालं. रविवारी आबा आणि आईला घेऊन परत कोल्हापूरला गेलो. आबा एक्सईत मागं बसून बघितले, उतरताना गुडघ्याला त्रास झाला, दाराला धरून उठले. पण आमच्या घरात आबा मागं बसतच नाहीत. मारुती ८०० पासून त्यांची जागा पुढं, डावीकडं, काच खाली करून. मागं आई आणि मुलगी. दोघी आरामात बसल्या, आईचं डोकं छताला लागायचा प्रश्नच नाही.

पंधरा दिवस उभी राहिली तर काम अडत नाही, मालाला टेम्पो आहे, घरी जुनी स्विफ्ट आहे.

टॅक्सचा आकडा आज आरटीओतून आणला. डॉक्टरांना स्पष्ट सांगितलं की एवढा बोजा माझ्यावर येतोय, सोळाच्या आत आलासा तर बोलू. त्यांनी नाही म्हटलं नाही. सात वर्षांची बिलं काढून ठेवतो म्हणालेत.

खानापूरवाले, ते जाडी मोजायचं मीटर तुमच्याकडं आहे काय? असेल तर गुरुवारी माझ्याबरोबर चला, तुमचा दिवसाचा रोज मी देतो. सकाळी साडेसहाला तिसऱ्या रेल्वे गेटापाशी थांबतो, नऊपर्यंत कोल्हापुरात पोचू. आबाही येणार आहेत. टॉर्च त्यांनी आत्ताच चार्जिंगला लावलाय.