मदत हवी आहे: मॉलच्या बेसमेंटमध्ये गाडी रिव्हर्स कशी लावता?

नमस्कार मंडळी,
गाडी २०१७ची स्विफ्ट. मागचे सेन्सर १ जुलै २०१९पासून सक्तीचे झाले, आमची त्याआधीची, म्हणजे भिस्त आरशांवर. घाटात बिनधास्त चालवते. पण रविवारी संध्याकाळी पुण्यातल्या मॉलचं बेसमेंट म्हणजे डोक्याला ताप! दोन खांबांमध्ये तीन गाड्या, शेजारची एसयूव्ही पट्टीवर चाक ठेवून उभी आणि मागे हॉर्नचा गजर.

रिव्हर्स लावणं बरं, हे पटतं. वळतात ती पुढची चाकं, त्यामुळे मागून शिरलं की गाडी अरुंद जागेत नीट बसते, निघताना समोरचंही दिसतं. पण स्टेअरिंग नेमकं कधी फिरवायचं? कोणी म्हणतं शेजारच्या गाडीचा आरसा आपल्या खांद्याशी आला की, कोणी म्हणतं अजून पुढे जा. शेजारी खांब असेल तर हिशेब बदलतो का? डावा आरसा खाली झुकवून पट्टी बघता का? आणि अटेंडंटच्या ‘आने दो, आने दो’वर कितपत विसंबायचं?

सेन्सर बाहेरून बसवावेत की नुसता कॅमेरा पुरेल? बंपरला भोकं पाडायला जीव होत नाही.

‘लांब लाव आणि चालत या’ हा सल्ला नको. सासूबाईंचे गुडघे सोबत असतात.