कोरड्या अंगणात मधमाश्या येतील अशी इथलीच रानफुलं सुचवा (जळगाव)

केळीचा_घड: मंडळी, जळगावच्या बाहेर प्लॉट आहे, अर्धी काळी माती अर्धा बांधकामाचा मुरूम. गिलक्याचा वेल फुलांनी भरलाय पण बारकी गिलकी पिवळी पडून गळतात, रोज सकाळी मीच नर फूल तोडून मादी फुलावर घासत बसतो. माशी फिरकतच नाही. मागे ऑनलाइन 'रानफुलं मिक्स' पाकीट मागवलं तर उगवलं काय, कॉसमॉस! ते मेक्सिकोचं. आपल्याकडचं सांगा, मे महिन्यात बोअर आटतो हे धरून.

वांग्याचं_भरीत: भाऊ, पहिले बांधवर जाईसन दख. तरवड, ते पिवळ्या फुलांचं झुडूप! गुरं तोंड लावत नाहीत, मुरमात पण येतं. त्याच्या फुलात मध नसतो बरं का, नुसते पराग, ते पण टोकाच्या बारीक भोकातून निघतात, मग काळा भुंगा फुलाला धरून असा गुरगुरतो की पराग झडून त्याच्या पोटावर पडतात, सकाळी जवळ उभा राहा, आवाज बदललेला ऐकू येतो. हाच भुंगा गिलक्यावर पण येतो. बी दगडावर जरा घास, रात्रभर भिजव आणि पहिल्या पावसात जागेवरच टाक, पिशवीत रोप केलं की सोटमूळ वळतं.

सातपुडा_साईड: +१, पण मधासाठी तुळशी लाव चारपाच आणि मंजिऱ्या खुडू नको, फुलोरी माशी, ती बारकी मधमाशी, त्यावर येते. कुंपणाला काटेकोरांटी. तिळवण आपोआप उगवते, निंदताना सोड. आणि एक कोपरा उघड्या मातीचा ठेव, बऱ्याच माश्या जमिनीत भोक पाडून राहतात, सगळीकडे पेव्हर ब्लॉक टाकले की त्या राहणार कुठं. शेजारी कपाशी असेल तर फवारणी संध्याकाळी कर म्हणून सांगून बघ. कोणी घाणेरी सुचवेल, ती पण बाहेरचीच, पसरली की आवरत नाही.

केळीचा_घड: कपाशी आहेच, बोलतो. कोपऱ्यात रुई आलीये, उपटू का?

वांग्याचं_भरीत: अजिबात नको. काळ्या टोकाच्या पंखांचं नारिंगी फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. फक्त चीक डोळ्यात जाऊ देऊ नको.

केळीचा_घड: आई खूश, शनिवारी मारुतीच्या हाराला पानं घरचीच. पण अळ्यांनी सगळी खाल्ली तर काय, विचारतेय.

सातपुडा_साईड: वरची कोवळी अळीला, खालची मारुतीला. तरवडाच्या शेंगा आहेत माझ्याकडे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर.