दिलगिरी म्हणजे माफी का?

टंकलेखिका:
नमस्कार मंडळी. इथे राजकारण आणू नये असा आपला शिरस्ता आहे आणि मला कुठल्या पक्षाची बाजू घ्यायचीही नाहीये, पण हा प्रश्न शब्दाचाच आहे आणि तो डोक्यातून जात नाहीये म्हणून विचारते. कुठलाही नेता काहीतरी वाईट बोलतो, दोन दिवस टीव्हीवर आरडाओरडा होतो, मग तो येऊन म्हणतो "कोणाच्या भावना दुखावल्या असतील तर मी दिलगिरी व्यक्त करतो" आणि लगेच बातमी येते की अमक्यांनी माफी मागितली. कुठे मागितली? पूर्ण वाक्यात माफी हा शब्दच नाही.

माझं नाशिकला सीबीएस बसस्टँडजवळ कोर्टाच्या बाजूला टायपिंगचं दुकान आहे, अर्ज, प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, आणि महिन्यातून एखादा माफीनामा पण असतो. मागच्या पावसाळ्यात मखमलाबादकडचं एक कुटुंब आलं होतं. भाऊकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाने चुलत वहिनीबद्दल घाणेरडं काहीतरी लिहिलं होतं, पोलिसात जायचं की नाही यावरून वाद, शेवटी थोरल्यांनी ठरवलं की लेखी माफीनामा घ्यायचा. तो मुलगा हेल्मेट मांडीवर धरून बसला आणि सांगायला लागला, "लिहा, माझ्याकडून अनवधानाने काही अपशब्द निघाले, त्याने कोणाचे मन दुखावले असल्यास मी दिलगीर आहे." मी टाईप केलं. प्रिंट काढून वहिनींच्या हातात दिली. त्यांनी एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचलं आणि कागद परत माझ्याकडे सरकवला, त्याच्याकडे नाही, माझ्याकडे. म्हणाल्या, "ताई, यात तो काय बोलला ते कुठंय? आणि कोणाचे म्हणजे कोणाचे? माझं नाव लिहा की. आणि दिलगीर काढा, त्याला माफी मागायला सांगा."

चौथ्या प्रिंटला त्यांनी सही घेतली. चारही प्रिंटमधे मजकूर चारपाच ओळींचाच होता, बदलले ते फक्त शब्द. तेव्हापासून मी टीव्हीवरची प्रत्येक दिलगिरी त्या वहिनींच्या बोटाने वाचते. तर जाणकारांनी सांगावं, दिलगिरी, खेद, खंत, क्षमा, माफी यात नेमका फरक काय?

पंचवटीकर:
ताई, चांगला धागा. दिलगिरी फारसी आहे. दिल म्हणजे हृदय आणि गीर म्हणजे धरणारा, पकडणारा, तोच गीर जहागीर मधे आहे, आलमगीर मधे आहे. दिलगीर म्हणजे ज्याचं मन दुःखाने धरलंय असा, उदास, खिन्न. म्हणजे मूळ अर्थात चूक नाहीच, अपराध नाही, समोर कोणी माणूसही नाही. पाऊस लांबला म्हणून शेतकरी दिलगीर होऊ शकतो. खेदाचंही तेच, कळवण्यास खेद होतो की आपला अर्ज नामंजूर झाला आहे, असं ऑफिसचं पत्र येतं तेव्हा साहेब काही तुमची माफी मागत नसतो.

माफी मूळ अरबी, फारसीतून आपल्याकडे आली, आणि मराठीत तिचा मोठा वापर देण्याघेण्यातला आहे. कर्जमाफी, फीमाफी, दंड माफ, शेतसारा माफ. म्हणजे आधी काहीतरी देणं लागतं आणि ज्याचं देणं आहे तो ते सोडतो. म्हणून माफी मागावी लागते, व्यक्त करता येत नाही. "मी माफी व्यक्त करतो" असं कोणी म्हणून बघा, जीभच अडते. उलट दिलगिरी मागता येत नाही, ती फक्त व्यक्त करता येते. क्रियापदच सगळं सांगतं.

क्षमा संस्कृत, क्षम् म्हणजे सहन करणे, त्यातूनच क्षमता आणि सक्षम आले, पृथ्वीलाही क्षमा म्हणतात कारण ती सगळं सोसते. म्हणजे क्षमा करणारा सोसणारा असतो. दूरदर्शनवर "व्यत्ययाबद्दल क्षमस्व" यायचं, हिंदीत त्याच जागी "रुकावट के लिए खेद है". मराठी पाटीत निदान प्रेक्षकाला उद्देशून क्षमा कर असं म्हटलंय.

सिन्नरकर:
शब्दाचं ठीक आहे पण लोक शब्द बघतच नाहीत, बोलणारा कुठल्या पक्षाचा ते बघतात. आमच्याच मतदारसंघाचं उदाहरण घ्या, एप्रिल २०२५ मधे माणिकराव कोकाटे कृषिमंत्री असताना शेतकऱ्यांना म्हणाले की कर्जमाफीच्या पैशातून तुम्ही साखरपुडे आणि लग्नं करता. त्यावर गदारोळ झाला, मग दिलगिरी आली. आमच्या गावात पारावर दोन गट, एक म्हणे झालं ना आता, माफी मागितली ना, किती ताणायचं, दुसरा म्हणे ही कसली माफी. आणि हेच दोन्ही गट जानेवारी २०२४ मधे बरोब्बर उलटे होते, विरोधी बाकावरचे जितेंद्र आव्हाड शिर्डीला राम मांसाहारी होता असं बोलले आणि नंतर खेद व्यक्त केला तेव्हा. तेव्हा पहिल्या गटाला खेद पुरेसा नव्हता, दुसऱ्या गटाला एकदम पुरेसा होता. माझा सख्खा चुलता दोन्ही वेळेला तावातावाने भांडला आणि दोन्ही वेळेला विरुद्ध अर्थ लावून. मी त्याला हे तोंडावर सांगितलं तर आठ दिवस बोलला नाही.

टंकलेखिका:
सिन्नरकर दादा, अगदी हेच. आणि हे फक्त माफीच्या शब्दापुरतं नाहीये, मूळ बोलण्याला आपण काय नाव देतो तिथूनच सुरू होतं. आपल्या माणसाची जीभ घसरते, दुसऱ्याचा माणूस गरळ ओकतो. आपला ओघात बोलून जातो, दुसरा बरळतो. आपल्याचं ते वक्तव्य, दुसऱ्याची ती मुक्ताफळं. मी दोन पक्षांच्या ग्रुपवर आहे (नाइलाजाने, दुकानामुळे सगळ्यांशी संबंध असतो), एकाच प्रकरणाला एका ग्रुपवर "स्लिप ऑफ टंग" आणि दुसऱ्यावर "विकृती" लिहिलेलं मी एकाच मिनिटात वाचलंय.

जीभ घसरली हा वाक्प्रचार मला तर आता नकोसा झालाय. पाय घसरतो कारण खाली चिखल असतो, माणूस पडतो, त्यालाच लागतं. जीभ घसरली की लागतं दुसऱ्याला. आणि वाक्यात जीभ कर्ता आहे, माणूस गायब.

ऑगस्ट २०२१ आठवतं का, भाजपचे नारायण राणे महाडला तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या कानाखाली मारण्याबद्दल बोलले आणि गुन्हा आपल्या नाशिकमधेही दाखल झाला, इथल्या भाजप कार्यालयावर दगडफेक झाली. त्या दिवशी माझं दुकान अर्धं शटर ओढून चालू होतं. राणेंच्या बाजूचे म्हणत होते ही त्यांची बोलायची पद्धत आहे, रांगडी भाषा, आणि शिवसेनेचे म्हणत होते की हा राज्याचा अपमान. ठाकरी भाषा म्हणून जे वर्षानुवर्षं कौतुकाने सांगितलं गेलं तेही रांगडंच होतं ना. दगड मारणाऱ्यांना आणि बोलणाऱ्यांना दोघांनाही माझा विरोध आहे, पण रांगडी हा शब्द कोणाला लावायचा आणि शिवराळ कोणाला याचा नियम मला अजून कोणी सांगितलेला नाही.

निफाडवाला:
थोडं वेगळं मत. काही वेळेला खरंच शब्दच चुकतो, हेतू नसतो. डिसेंबर २०२२ मधे भाजपचे मंत्री चंद्रकांत पाटील पैठणला म्हणाले की फुले, आंबेडकर, कर्मवीर भाऊराव पाटील यांनी सरकारी अनुदानावर अवलंबून न राहता शाळांसाठी भीक मागितली. पिंपरी चिंचवडला त्यांच्यावर शाई फेकली गेली. त्यांचं म्हणणं होतं की त्यांना वर्गणी, देणगी असं म्हणायचं होतं. इतकं जाळपोळीसारखं वातावरण करायची गरज होती का? शेवटी त्यांनी दिलगिरी व्यक्त केलीच.

पंचवटीकर:
शाई फेकणं चूकच. पण भीक आणि वर्गणी हे एकमेकांच्या जागी बसणारे शब्द नाहीत हो. वर्गणी मागणारा दारात ताठ उभा असतो, त्याच्या हातात पावतीपुस्तक असतं, उद्या देणाराही हिशोब विचारू शकतो. भिकेत हात खाली आणि मान पण खाली. भाऊरावांनी १९१९ ला रयत शिक्षण संस्था काढली, घराघरातून मूठ मूठ धान्य जमवलं, त्याला मुष्टिफंड म्हणत, त्या शब्दात फंड आहे, हिशोब आहे. देणारी बाई जात्याशेजारी गाडगं ठेवून रोज मूठ बाजूला टाकायची म्हणजे ती त्या शाळेची भागीदार झाली. ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या दारात उभं राहून हात पसरायला लावलं, त्या समाजातून आलेल्या बाबासाहेबांच्या नावापुढे भीक हा शब्द कसा ऐकू जाणार? हेतू नसेलही, मान्य. मग तेच म्हणावं की हा शब्द चुकला, का चुकला ते मला कळलं. भावना दुखावल्या असतील तर, असं म्हणण्याने शब्द दुरुस्त होत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात बिघाड आहे असा सूर लागतो.

टंकलेखिका:
ते "असतील तर" वरच मला यायचं होतं. शाळेत क्रियापदाचे अर्थ शिकलो होतो, स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. "मी चुकलो" हे स्वार्थी वाक्य, क्रियापद आपला सरळ अर्थ सांगतं. "दुखावल्या असतील तर" म्हणजे अट आली. समोर लोक रस्त्यावर उतरलेत, बाई टीव्हीवर रडतेय, आणि हा अजून असतील तर म्हणतोय. आणि मी अपशब्द बोललो असंही नाही, माझ्याकडून बोलले गेले, म्हणजे शब्द आपोआप चालत बाहेर आले.

कोर्टाला हा फरक बरोबर कळतो. २०१९ मधे "चौकीदार चोर है" हे सुप्रीम कोर्टाच्या तोंडी घातल्याबद्दल राहुल गांधींवर अवमानाची केस झाली, त्यांनी प्रतिज्ञापत्रात आधी खेद व्यक्त केला, कोर्टाला ते पुरेसं वाटलं नाही, शेवटी मे महिन्यात बिनशर्त माफीचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं. आणि मे २०२५ मधे मध्य प्रदेशचे मंत्री विजय शाह कर्नल सोफिया कुरेशींबद्दल जे बोलले त्यावर त्यांनी माफी मागितली तर सुप्रीम कोर्टाने ती स्वीकारली नाही, मगरीचे अश्रू आहेत का असं विचारलं आणि चौकशीला एसआयटी म्हणजे विशेष तपास पथक नेमायला लावलं. एक काँग्रेसचा, एक भाजपचा, कोर्टाने दोघांचाही कागद वाचला. मराठीत याला नक्राश्रू असा सुंदर शब्द आहे, नक्र म्हणजे मगर.

देवळालीकर:
सारवासारव हा शब्द राहिला. माझी आजी दर आठवड्याला घर सारवायची, शेण आणि माती कालवून, हाताने अर्धगोल काढत मागे मागे सरकत दारापर्यंत यायची. जमिनीला भेग पडली असेल तर ती आधी खराट्याने ती भेग मोकळी करायची, आतली सुटी माती काढायची, पाणी मारायची, ओली माती ठोकून भरायची आणि मग वरून सारवायची. आम्ही मुलं घाईने भेगेवरून नुसतं सारवायचो तर वाळल्यावर तिथेच पोपडा निघायचा, भेग आधीपेक्षा मोठी. सारवासारव म्हणजे हेच आमचं मुलांचं काम, आजीचं नव्हे.

सिन्नरकर:
चांगल्या माफीचं एखादं उदाहरण पण द्या की राजकारणातलं. सगळंच वाईट म्हणून कसं चालेल.

पंचवटीकर:
एप्रिल २०१३, दुष्काळ, धरणात पाणी नाही म्हणून सोलापूरचा शेतकरी आझाद मैदानावर उपोषणाला बसलेला, आणि अजित पवार इंदापूरच्या सभेत त्याची थट्टा करत जे बोलले ते इथे लिहायची गरज नाही, सगळ्यांना पाठ आहे. नंतर त्यांनी माफी मागितली आणि कराडला प्रीतिसंगमावर यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळ दिवसभर बसले, त्याला आत्मक्लेश असं नाव दिलं. कोणी म्हणालं नाटक, कोणी म्हणालं मोठेपणा, आणि परत कोण काय म्हणालं ते पक्षावरूनच. मला शब्द म्हणून आत्मक्लेश महत्त्वाचा वाटतो कारण त्यात स्वतःला काहीतरी सोसायचंय हे तरी आलं, दिलगिरीत तेवढंही नसतं. पण माझी शंका राहतेच की क्लेश स्वतःला दिले कराडला, आणि ज्याची थट्टा झाली तो शेतकरी बसला होता मुंबईला.

निफाडवाला:
हे मान्य. मी वर जे लिहिलं त्यात थोडा बदल करतो, हेतू नव्हता हे सांगणं ठीक आहे पण ते माफीनंतर यावं, आधी नाही. आणि खरं सांगतो, तेच वाक्य विरोधी पक्षाच्या कोणी म्हटलं असतं तर मी हेतू शोधत बसलो नसतो.

टंकलेखिका:
दादा, हे तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार, एवढं कोणी लिहीत नाही.

जाता जाता एक, दोघातिघांनी मला फोनवरून मेसेज करताना पश्चाताप असं लिहिलंय, तो पश्चात्ताप आहे, पश्चात् अधिक ताप, म्हणून दोन त. माफीनाम्यात मी तो शब्द सहसा घालत नाही. त्या मखमलाबादच्या वहिनींनीच काढायला लावला होता. म्हणाल्या, "त्याला नंतर ताप झाला का नाही ते त्याचं तो बघेल. तो काय बोलला तेवढं नीट लिहा, आणि माझ्या नावाला काना राहिलाय तो द्या."